पुरेशी अश्वशक्ती

रोल्स-रॉइस कंपनी कित्येक दशकं आपल्या इंजिनाची ताकद सांगतच नसे. कोणी विचारलंच तर एका शब्दात उत्तर मिळे: पुरेशी. मला या उत्तराबद्दल अपार आदर आहे. गिऱ्हाइकाची पायरी, कंपनीची ऐट आणि संभाषणाचा शेवट, तिन्ही कामं एका शब्दात उरकलेली. पुढे मालक बदलले आणि आता फँटमची अख्खी कुंडली छापून मिळते. बारा सिलिंडर, पावणेसात लिटर, दोन टर्बो, 571 अश्वशक्ती, 900 न्यूटन-मीटर टॉर्क, शून्य ते शंभर 5.3 सेकंद. हा शेवटचा आकडा कोणासाठी छापतात ते मात्र कंपनीलाच ठाऊक. फँटमचा मालक मागच्या सीटवर बसतो. हातात चहाचा कप असलेल्या माणसाला सव्वापाच सेकंदांत शंभरवर नेला, तर चहा त्याच्या आधी डिकीकडे निघतो.

मालक बदलले तेही ऐकण्यासारखं आहे. 1998 मध्ये फोक्सवॅगननं 43 कोटी पौंड मोजून इंग्लंडमधल्या क्रू गावचा कारखाना घेतला. त्यात बेंटली आली, रोल्सची ती प्रसिद्ध जाळी आली, बॉनेटवरची पंखवाली पुतळीसुद्धा आली. फक्त रोल्स-रॉइस हे नाव आलं नाही. ते विमानांची इंजिनं बनवणाऱ्या वेगळ्याच कंपनीच्या मालकीचं निघालं, आणि तिनं ते बीएमडब्ल्यूला 4 कोटी पौंडांत देऊन टाकलं. त्यातून तेव्हा क्रूमध्ये तयार होणाऱ्या रोल्सचं इंजिनही बीएमडब्ल्यूचंच होतं. म्हणजे 43 कोटीवाल्याकडे इमारत, जाळी आणि पुतळी, आणि 4 कोटीवाल्याकडे नाव आणि इंजिन. अखेर तडजोड होऊन 2003 पासून रोल्स बीएमडब्ल्यूकडे गेली. महागड्या गाडीत नक्की कशाचे पैसे मोजतात हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी हा व्यवहार एकदा कागदावर मांडून पाहावा.

आकडे छापले की तुलना आली, आणि तुलना आली की माझा मेहुणा आला. त्याच्याकडे स्वतःची सीएनजीवर चालणारी हॅचबॅक आहे. डिकीत टाकी असल्यामुळे घरचे लोक गावाला जाताना बॅगा मांडीवर घेऊन बसतात. पण लॅम्बोर्गिनीच्या कुठल्या मॉडेलला किती टॉर्क, तो किती आरपीएमला येतो, हे त्याला झोपेतून उठवून विचारा. स्वतःच्या गाडीची पीयूसी कधी संपते हे तो बायकोला विचारतो.

आमच्या सोसायटीत एका गृहस्थांनी कोटीच्या वरची जर्मन एसयूव्ही घेतली. मेहुणा पार्किंगमध्ये त्यांना गाठून म्हणाला, "सर, सहा सिलिंडर घेतली की आठ?" सरांनी ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर म्हणाला, "डिझेल आहे." सरांनी मान डोलावली आणि लिफ्टकडे निघाले. तुलना करणारा वर्ग वेगळा आणि गाडी घेणारा वर्ग वेगळा. दोघांची गाठ पडली तर ती पार्किंगमध्येच, आणि तीही एवढीच.

मेहुण्यानं तुलनेसाठी एक माप शोधून काढलंय: घोड्यामागे रुपये. गाडीच्या किमतीला अश्वशक्तीनं भागायचं. हे माप लावलं की भल्याभल्या ब्रँडांची अडचण होते. ऑडीची आरएस क्यू 8 घ्या. चार लिटर, आठ सिलिंडर, दोन टर्बो, 600 अश्वशक्ती. 2020 मध्ये ती आपल्याकडे आली तेव्हा किंमत 2 कोटी 7 लाख, एक्स-शोरूम. लॅम्बोर्गिनीची उरुस त्याआधी 2018 मध्ये 3 कोटींना आलेली. तीही चार लिटर, आठ सिलिंडर, दोन टर्बो, फक्त 650 अश्वशक्ती. खालचा सांगाडा एकाच जातीचा, इंजिन एकाच घराण्यातलं, दोन्ही कंपन्या फोक्सवॅगनच्याच गोतावळ्यातल्या. पोर्शची कायेन टर्बो आणि बेंटलीची बेंटेगा याही त्याच पंगतीतल्या, 550 च्या. एकच आचारी, तोच मसालेभात, कार्यालयं चार आणि ताटाचे दर चार.

तर ऑडीवरून लॅम्बोर्गिनीवर जाताना 50 घोडे वाढतात आणि सुमारे एक कोटी रुपये वाढतात. एका घोड्याला दोन लाख. मेहुणा म्हणाला, "दाजी, दोन लाखांत सारंगखेड्याच्या यात्रेत खराखुरा घोडा मिळतो. चार पायांसकट." मी म्हटलं, "अरे, पण पिवळा मिळतो का?" या मुद्द्यावर तो गप्प झाला.

त्याच्या मापाला पहिला जबर धक्का दिला तो सचिन तेंडुलकरच्या फेरारीनं. सचिननं ब्रॅडमनच्या 29 कसोटी शतकांशी बरोबरी केली म्हणून 2002 मध्ये फियाटनं त्याला फेरारी 360 मॉडेना भेट दिली. किल्ल्या मायकेल शूमाकरच्या हातून. आठ सिलिंडर, 3.6 लिटर, 400 अश्वशक्ती, किंमत शून्य. घोड्यामागे रुपयेही शून्य. एवढ्यावर थांबलं असतं तर गणित सोपं होतं. पण गाडी भारतात यायची म्हणजे सीमाशुल्क आलं, आणि ते एक कोटीच्या वर भरलं. सरकारनं ते माफ केलं, त्यावर गदारोळ झाला, आणि शेवटी शुल्कही फियाटनंच भरलं. फुकट मिळालेल्या वस्तूनं देणाऱ्याला दोनदा पैसे मोजायला लावले, असं उदाहरण दुसरं मिळणं कठीण.

गेली कित्येक वर्षं आपल्याकडे पूर्ण तयार होऊन येणाऱ्या महाग गाडीवर अधिभार धरून सुमारे 110 टक्के शुल्क लागत आलंय. म्हणजे एक गाडी तुम्ही स्वतःसाठी घेता आणि एकाहून थोडी जास्त सरकारसाठी. त्यावर जीएसटी. त्यावर आरटीओ. महाराष्ट्रात आयात केलेल्या किंवा कंपनीच्या नावावरच्या गाडीला 20 टक्के रोड टॅक्स, पण त्यालाही कमाल मर्यादा आहे. पूर्वी 20 लाखांची होती, 2025 मध्ये 30 लाखांची झाली. चार कोटींची गाडी हसत हसत घेणारा माणूस या टॅक्सच्या आकड्याशी मात्र असा अडतो, की त्याला अचानक पुदुच्चेरीत घरदार असल्याचं आठवतं. लालभडक स्पोर्ट्स कार, मालक वांद्र्याचा, पासिंग पीवाय. इंजिनाची ताकद सांगायची झाली तर हेही सांगायला हवं, की गाडी जन्मात एकदाही न जाता त्या गावची रहिवासी होते.

आपल्याकडच्या मंडळींना किंमत कशी पाडायची हे शिकवावं लागत नाही. 2010 मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या. साधारण 65 कोटींचा सौदा. स्टेट बँकेनं कर्ज दिलं आणि शहराचं नाव जगभर छापून आलं. तिकडची माणसं हा किस्सा अजून रंगवून सांगतात. त्यात व्याजदर येतो, दीडशे एकदम घेतल्या तर किती सोडणार हे येतं, गाड्या वाजतगाजत कशा निघाल्या हे येतं. टॉर्क कोणाच्याच तोंडी येत नाही.

रेंज रोव्हरची कथा वेगळी. टाटांनी 2008 मध्ये जग्वार-लँड रोव्हर घेतली, तेव्हा आमच्या मेहुण्याला ती आपल्याच घरची झाल्यासारखी वाटली. किमतीला तसं वाटायला सोळा वर्षं लागली. 2024 मध्ये पुण्यात जोडणी सुरू झाली आणि किमती 18 ते 22 टक्क्यांनी उतरल्या. ज्यांनी त्याच्या आदल्या महिन्यात घेतली होती ते आता 'आमची ओरिजिनल इंग्लंडची' असं बोलण्यात आणतात, न विचारता. त्यात 2025 मध्ये ब्रिटनशी व्यापार करार झाला. त्यात ठरावीक कोट्यापुरतं मोटारींवरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं 10 टक्क्यांपर्यंत खाली यायचं आहे. हे वाचून मेहुण्यानं बेंटलीची खरेदी पुढे ढकलली आहे.

आता वेग. इथे माझं आणि मेहुण्याचं खरं भांडण आहे. शून्य ते शंभर या परीक्षेत पोर्शची 2020 ची 911 टर्बो एस 2.7 सेकंदांत पास होते. कौतुक आहे. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा ताशी 100 ची, घाटात 60 ची, आणि वर कमानीवर कॅमेरे. म्हणजे कळंबोलीला गाडी सोडली की तिसरा सेकंद भरायच्या आत तुमची सगळी कायदेशीर मौज संपते. उरलेला तासभर आणि उरलेले तीन कोटी घेऊन तुम्ही ट्रकच्या मागून जायचं. जर्मनांचं आणखी निराळं. तिथल्या बड्या कंपन्यांनी आपसात ठरवून गाड्यांचा वेग 250 ला रोखलाय, आणि तुम्ही वेगळे पैसे भरले की तो अडसर काढूनही देतात. आपणच कुलूप लावायचं आणि किल्ली विकायची. जपान्यांनी 1989 ते 2004 अशी पंधरा वर्षं कुठलीही गाडी 280 च्या वर अश्वशक्ती सांगणार नाही असं पाळलं. निस्सानच्या स्कायलाइन जीटी-आरचं इंजिन प्रत्यक्षात बरंच पुढे होतं, पण कागदावर 280. मोटारधंद्यात आकडा फुगवून सांगणारे सगळेच. कमी करून सांगणारे एवढेच.

वेगाची सगळी बढाई जिथे संपते ती गाडी म्हणजे बुगाटी वेरॉन. 2005 ची. आठ लिटरचं इंजिन, सोळा सिलिंडर, चार टर्बो, 1001 अश्वशक्ती, वेग ताशी 407. त्या वेगाला जायचं तर गाडी उभी करून दुसरी खास किल्ली फिरवावी लागते. पूर्ण वेगात तिची शंभर लिटरची टाकी सुमारे बारा मिनिटांत रिकामी होते. टायर त्या वेगात पंधराएक मिनिटं टिकतात, म्हणून काळजीचं कारण नाही, पेट्रोल आधी संपतं. आता हिशेब करा. 407 च्या वेगानं बारा मिनिटं म्हणजे 81 किलोमीटर. एक्स्प्रेसवेची लांबी साडेचौऱ्याण्णव. तर कॅमेरे, घाट, ट्रक, बोरघाटातलं धुकं, सगळं बाजूला ठेवून कोणी कळंबोलीहून ही गाडी सोडलीच, तर ती तळेगावच्या आसपास बंद पडते. दहा हजारांच्या वर पेट्रोल जाळून पुणं आलं नाही ते नाहीच. फूडमॉल लागला होता, पण दिसला नाही.

मेहुणा म्हणाला, "दाजी, तुम्ही एसटीनं जाणारी माणसं. तुम्हाला इंजिनिअरिंग कळायचं नाही." मग मी त्याला इंजिनिअरिंगच दाखवलं. वेरॉनचं इंजिन 7993 सीसीचं. मारुती 800 चं 796. म्हणजे एका वेरॉनमध्ये बरोबर दहा मारुती 800 बसतात. वेरॉनला रेडिएटर दहा आहेत. दहा मारुतींनाही दहाच. वेरॉनला सिलिंडर सोळा, दहा मारुतींना तीस. चाकं चारच्या जागी चाळीस. वेरॉनमध्ये माणसं दोन आणि एक छोटी बॅग. दहा मारुतींत आपल्याकडच्या हिशेबानं अख्खं वऱ्हाड, भटजी आणि रुखवत. अश्वशक्तीत मात्र मारुत्या मागे पडतात, दहा मिळून पावणेचारशेच्या आसपास. "पण दहातली एक बंद पडली," मी म्हटलं, "तर नवरदेवाला दुसरीत बसवता येतं."

शर्यतीच्या गाड्यांचा आणखी एक न्याय आहे, तो म्हणजे जितकं कमी तितकं महाग. पोर्शच्या जीटी 3 आरएसमध्ये दार आतून ओढायला मूठ नसते, कापडी पट्टी असते. वजन वाचावं म्हणून एसी आणि रेडिओ काढून घ्यायची सोय या गाड्यांत कंपनी वर्षानुवर्षं देत आलीय, आणि त्याबद्दल एक पैसा कमी करत नाही. हे ऐकून माझी मान ताठ झाली. आमच्या वडिलांच्या मारुती 800 मध्ये एसी नव्हता, रेडिओ नव्हता, डाव्या बाजूचा आरसासुद्धा नव्हता आणि वजन साडेसहाशे किलोच्या घरात. आम्ही लहानपणी ट्रॅक एडिशनमधून फिरत होतो आणि घाम पुसत होतो.

याउलट ज्यात सगळं असतं त्या गाडीत छत्रीही असते. रोल्सच्या दारात छत्री ठेवायला खोबण आहे, ओली छत्री आत वाळते, आणि लोक हे डोळे विस्फारून सांगतात. आपल्याच संभाजीनगरात जोडल्या गेलेल्या स्कोडा सुपर्बच्या दारातही छत्री होती. तिच्याबद्दल कोणी कधी डोळे विस्फारले नाहीत.

आवाजाबद्दल लिहायला बसलो तर दिवाळी अंक भरेल, म्हणून थोडक्यात. मर्सिडीजच्या एएमजीचं खास इंजिन एकाच कारागिराच्या हातून पूर्ण होतं आणि त्याच्या सहीची पट्टी वर लागते. अशा घरानं सी 63 मधलं आठ सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडर आणि बॅटरी बसवली. ताकद वाढून 680 झाली, भक्तगण मात्र सुतकात गेले, कारण गडगडाट गेला. बीएमडब्ल्यूनं इंजिनाचा आवाज स्पीकरमधून ऐकवायची सोय केली आणि विजेच्या गाड्यांसाठी हान्स झिमर या सिनेसंगीतकाराकडून आवाज बनवून घेतले. पोर्शनं तर इंजिनच नसलेल्या विजेच्या टायकानचं नाव 'टर्बो' ठेवलं. आमच्या मेहुण्याला हा धर्मभ्रष्टपणा वाटतो. इकडे पुणे पोलीस फटफटींचे मोठ्या आवाजाचे सायलेन्सर जप्त करून रस्त्यावर ओळीनं मांडतात आणि वरून रोडरोलर फिरवतात. तेही आवाजाचे तज्ज्ञच.

अख्ख्या तुलनेत माझ्या बायकोनं एकाच गाडीला पसंती दिली. मॅक्लारेन एफ 1. बीएमडब्ल्यूचं बारा सिलिंडरचं इंजिन, टर्बोशिवाय 627 अश्वशक्ती, 1998 मध्ये ताशी 386 चा विक्रम, चालकाची सीट मधोमध. हे सगळं तिनं भाजी निवडता निवडता ऐकून सोडून दिलं. इंजिनाची उष्णता परतवायला आतून सोन्याचा पत्रा लावतात असं मेहुण्यानं सांगितलं, तेव्हा तिनं मान वर केली. "बाकी सगळ्या गाड्या शोरूममधून बाहेर काढल्या की भाव पडतो," ती म्हणाली, "हिची निदान मोड तरी येईल."

हे सगळे घोडे प्रत्यक्ष रस्त्यावर कसे वागतात ते एकदा आमच्याच गल्लीत पाहायला मिळालं. संध्याकाळची वेळ. हिरवी लॅम्बोर्गिनी वळून आत आली आणि गतिरोधकापुढे येऊन थांबली. हा गतिरोधक नगरसेवकाच्या कृपेनं झालेला, त्यामुळे त्याला पट्टे नाहीत आणि मापही नाही. आतल्या तरुणानं बटण दाबलं, गाडीनं नाक हळूहळू वर उचललं. तरी भरवसा नव्हता. सोसायटीचा वॉचमन पुढे आला, गुडघ्यांवर बसला, मग चक्क एक हात जमिनीला टेकून त्यानं गाडीखाली पाहिलं आणि हुकूम सोडला, "तिरकी घ्या, तिरकी. येऊ द्या. अजून. बास! बास म्हणलं ना!" गाडी तिरकी झाली आणि गल्ली बंद झाली. मागे रिक्षावाला, त्याच्या मागे दुधाचा टेम्पो. एक मावशी स्कूटरवरून, पायाशी गव्हाचं पोतं ठेवून, गटाराच्या कडेनं शांतपणे पुढे निघून गेल्या. शेवटी खालून बारीकसा कर्र आवाज आला. तरुणाचा चेहरा असा झाला की बघवेना. वॉचमन म्हणाला, "काय नाय, पालापाचोळा आहे." गाडी पार झाली तेव्हा रिक्षावाल्यानं वॉचमनला विचारलं, "अ‍ॅव्हरेज काय देते रे?"

परवा मेहुणा फार खुशीत आला. घोड्यामागे रुपये या मापावर जगातली सर्वांत स्वस्त गाडी त्याला सापडली होती. जुनी मर्सिडीज एस 600. साडेपाच लिटर, बारा सिलिंडर, दोन टर्बो, 517 अश्वशक्ती, वय पंधराच्या आसपास. मागणारा वीस लाख मागत होता. "घोड्याला चार हजारसुद्धा पडत नाहीत, दाजी! चार हजारांत शेळी येत नाही." मी त्याला आमच्या गॅरेजवाल्या अण्णांकडे घेऊन गेलो. अण्णांनी मोबाइलवर फोटो पाहिला, बोटांनी मोठा केला, छोटा केला, आणि फोन परत दिला.

"प्लग किती आहेत ठाऊक आहे का?" अण्णांनी विचारलं.

"बारा सिलिंडर म्हणजे बारा," मेहुणा म्हणाला.

"एका सिलिंडरला दोन. चोवीस. आणि ते काढायला आधी वरचं अर्धं इंजिन उतरवायचं. दिवसाची मजुरी धरा. गाडीचं जाऊ द्या साहेब, निस्त्या प्लगांच्या पैशांत तुमच्या सीएनजीचं इंजिन नवं करून देतो."

मेहुणा विचारात पडला. तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणाकार केला. मग अण्णांच्या जवळ सरकून, आवाज खाली आणून म्हणाला, "अण्णा, चोवीस एकदम घेतले तर काही कमी होतील का?"